बावीस एकर गायरान: चितराच्या कामाच्या नोंदी

१० नोव्हेंबर २०२४, रविवार

दिवाळीचे पाहुणे गेले, तेव्हा कुठे नवी वही उघडली. जुनी वही २०१९ ची. तिच्या पहिल्या पानावर माझ्याच अक्षरात आहे, ‘आज गायरानात ६०० रोपं लावली. सगळे खूश.’ त्या वर्षी राज्यभर ३३ कोटी झाडं लावायचा धडाका होता. रोपं फुकट मिळाली, बहुतेक गिरिपुष्पाची. गिरिपुष्पाला शेळी सहसा तोंड लावत नाही आणि पाणी नाही घातलं तरी ते तग धरतं. त्यामुळे ‘किती जगली’ या रकान्यात आकडा देखणा येतो. आमची चारशेच्या वर जगली. पेपरात फोटो आला. त्याचं कात्रण लॅमिनेट करून दुकानात झेरॉक्स मशिनच्या वर लावलंय, अजून आहे.

आता तीच झाडं काढायची आहेत.

गटात आम्ही नऊ जण. दोन शिक्षक, एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टरकाका, ठिबकवाले आण्णा, जनावरांचे डॉक्टर, तीन कॉलेजची पोरं. आणि नोंदी ठेवायला मी, कारण वह्या माझ्याच दुकानात मिळतात. गाव बारामती तालुक्यातलं, पण सुप्याच्या अंगाचं. बारामती म्हटलं की लोकांना कालवा आणि ऊस दिसतो. आमच्याकडे खाली मुरूम, वर वीतभर माती आणि माळ. जवळच मयूरेश्वर अभयारण्य आहे, पाच चौरस किलोमीटरच्या थोडं वर, चिंकाऱ्यांसाठी १९९७ साली राखलेलं. त्याची हद्द आपल्याला ठाऊक, चितराला नाही. ते आमच्या गायरानातही असायचं. या पाखराला पुस्तकात तित्तर म्हणतात, आमची आजी चितूर म्हणायची, मी तेच लिहिणार.

ही उठाठेव सुरू झाली बापूंमुळे. बापू फासेपारधी, सत्तरी ओलांडलेले. ओढ्यापलीकडे त्यांची चार घरं आहेत. दसऱ्याच्या सुमारास नातीच्या दाखल्याची झेरॉक्स काढायला आले होते. कात्रणाकडे बघून म्हणाले, “ताई, झाडं झ्याक आली. पर चितूर कुठं गेलं त्ये सांगा.” मला वाटलं, थट्टा करतायत. मग त्यांनी हातानं दाखवलं: चितूर गवतातून चालत येणार, बोरीखाली शिरणार, आणि वर गिरिपुष्पाच्या शेंड्यावर शिकरा बसलेला. “तुमी चितराला घर न्हाय दिलं. शिकऱ्याला मचाण बांधून दिलं.”

त्या रात्री मला झोप लागली नाही, असं लिहिलं तर खोटं होईल. झोप लागली. पण सकाळी मी गायरानात गेले आणि खरंच दोन शिकरे बसलेले दिसले.

ठरावासाठी ग्रामपंचायतीत विचारलं. निवडणुकीची आचारसंहिता चालू आहे, २० तारखेला मतदान झाल्याशिवाय काही हलणार नाही. तोवर झाडांना हात लावायचा नाही असं ठरलं.

१ डिसेंबर २०२४, रविवार

बी गोळा करण्याचा दिवस. मुलं अकरा आली, सातवी ते नववीतली. त्यातली तीन बापूंच्या वस्तीवरची. आधी ती वेगळी बसली होती. हातात पिशव्या दिल्यावर कोण कुठं हे राहिलं नाही.

गायरानाच्या उत्तरेकडच्या कोपऱ्यात, जिथं खड्डे खणायला आमचं पोचलंच नाही, तिथं जुनं गवत उभं आहे. पवन्या, मारवेल, डोंगरी, आणि कुसळी तर विचारू नका. माझ्या साडीच्या काठाला इतकी कुसळं चिकटली की घरी येऊन तास गेला. मुलांना कुसळाची गंमत दाखवली: ओलं केलं की शेपटाचा पीळ फिरत उलगडतो आणि टोक स्क्रूसारखं मातीत शिरतं. तळहातावर थुंकी लावून त्यांनी प्रयोग केला. शिक्षकांनी तोंड फिरवलं.

बी लगेच टाकायचं नाही, हे बापूंनी आणि डॉक्टरांनी दोघांनीही सांगितलं. ताज्या बियांची झोप मोडलेली नसते, त्या काही महिने कोरड्यात ठेवाव्या लागतात. चार गोणी भरल्या. आण्णांच्या गोडाऊनमध्ये ठिबकच्या नळ्यांवर ठेवल्यात. उंदरांचं काय, हा प्रश्न मी विचारला. उत्तर मिळालं नाही.

८ डिसेंबर २०२४, रविवार

चराईचं बोलणं. धनगरांची मेंढरं दिवाळीनंतर कोकणात उतरलीत, पण गावच्या शेळ्या आहेतच. गटातल्या दोघांचं म्हणणं, पूर्ण चराईबंदी करावी, हिवरे बाजारनं केली तशी. मला ते पटलं नाही. चितराला लपायला गवत लागतं, पण पखुर्ड्यांना (तीही माळावरची पाखरं) उघडी, चरलेली, खडी दिसणारी जमीन हवी असते. सगळं गायरान एकसारखं वाढवलं तर एकाला मिळेल आणि दुसरा उठून जाईल. शिवाय गायरान गुरांसाठीच आहे, नावातच आहे. शेवटी आठ एकर चरायला मोकळे आणि चौदा एकर बी झडेपर्यंत बंद. खुणेला दगडांना चुना फासला.

२२ डिसेंबर २०२४, रविवार

ठराव पंचायतीत मांडलाय, २६ जानेवारीच्या ग्रामसभेत पक्का होईल. सरपंच म्हणाले, तोवर नमुन्याला एक एकर करून बघा.

एका एकरातली बावन्न झाडं. कुऱ्हाडी आणि करवतीनं बुडातून कापली, दुपारी दोनला काम संपलं. सोपं गेलं. पाला आण्णांच्या आणि आणखी दोन शेतकऱ्यांच्या ट्रॉलीत भरला, हिरवळीचं खत म्हणून तो उत्तम. हीच तर या झाडाची दुसरी भानगड. ते जमिनीत नत्र सोडतं. शेतात ते वरदान आहे. माळाचं गवत मात्र हलक्या, उपाशी जमिनीला सरावलेलं, तिथं खत पडलं की गाजर गवत आणि तरोटा मातून येतात आणि पवन्या मागे पडतो. गिरिपुष्पाखाली आज हेच दिसत होतं: खाली गवताची काडी नाही, कडेनं सगळा तरोटा.

घरी आले तर व्हॉट्सअ‍ॅपवर आमचाच फोटो. हातात कुऱ्हाड घेतलेले कंडक्टरकाका आणि खाली ‘पर्यावरणप्रेमींचा खरा चेहरा’. गावच्याच कुणीतरी टाकलाय. काकांना हसू येत होतं, काकूंना नाही.

पण खरा पेच सकाळीच पडला होता. सातवीतल्या एका मुलीनं विचारलं, “ताई, शाळेच्या भिंतीवर ‘झाडे लावा, झाडे जगवा’ लिहिलंय. मग आपण काय करतोय?” मी नत्र, शिकरा, नाकतोडे सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “म्हणजे भिंत पुसायची का?” मग तिला बोरीजवळ नेलं. बोर, हिवर, हेकळ, बाभूळ यातल्या एकालाही आज हात लावला नाही. ही माळाची स्वतःची झाडं, लांब लांब उभी. चितूर रात्री जमिनीवर झोपत नाही, याच काटेरी फांद्यांवर चढून बसतं. आम्ही मधली मोकळी जागा बुजवून टाकली होती. तिचं समाधान झालं की नाही कळलं नाही. बोरं मात्र खाल्ली.

१२ जानेवारी २०२५, रविवार

पहिली मोजणी. पहाटे सहाला गायरान, थंडीनं दात वाजतायत. सहा ठिकाणं ठरवली आहेत, प्रत्येक ठिकाणी दोन मुलं आणि एक मोठं माणूस. सूर्य उगवायच्या सुमारास पाच मिनिटं गप्प बसायचं, किती हाका आल्या आणि कुठल्या दिशेनं, एवढंच लिहायचं. चितूर दिसणं नशिबावर, ऐकू मात्र दोन-दोन शेतांपलीकडून येतं. आधी एक-दोन सुटे खटके, मग ‘क-तीतर, क-तीतर’ असा चढत जाणारा धोशा.

सहापैकी दोनच ठिकाणी हाक आली. दोन्ही उत्तरेच्या कोपऱ्यातली. कॉलेजच्या पोरांचा चेहरा पडला. मी त्यांना सांगितलं की थंडीत चितूर तसंही कमी बोलतं, उन्हाळ्यात, जोडीच्या दिवसांत जास्त. हा आकडा पुढच्या जानेवारीशीच ताडायचा, एप्रिलशी नाही. नाहीतर एप्रिलमध्ये आपोआप ‘यश’ मिळेल आणि पुन्हा पेपरात फोटो.

चौथ्या ठिकाणी जे झालं ते लिहायलाच हवं. आठवीतला एक मुलगा आहे, शर्टाखाली गलोल घेऊन येतो. सगळ्यांना माहीत आहे. आज त्यानं हाकेच्याही आधी चितराची चाल ऐकली, पाचोळ्यातली. बोटानं नेमकी जागा दाखवली आणि दोन मिनिटांनी तिथून जोडी निघाली. शिक्षकांना गलोल जप्त करायची होती. बापूंनी ती मागून घेतली, रबर ताणून बघितलं, फांदी हिवराची का बाभळीची विचारलं आणि परत दिली. “नेम हाय याचा. ज्याला नेम हाय त्याला पाखरू दिसतं.”

परत येताना मी मुलांना सलीम अलींची गोष्ट सांगितली. लहानपणी त्यांनी छऱ्याच्या बंदुकीनं एक चिमणी पाडली, तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ही कुठली चिमणी, म्हणून मामांनी त्यांना मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीत पाठवलं, आणि तिथल्या मिलार्डसाहेबांनी भुसा भरलेले शेकडो पक्षी उघडून दाखवले. गलोलवाला पूर्ण वेळ खाली बघत होता. शेवटी एकच प्रश्न, “त्यांना शिक्षा न्हाय केली?”

शिकारबंदीचा कायदा १९७२ चा, हेही सांगितलं. बापू शेजारून म्हणाले, “आमाला त्यो नंतर कळला. आदी पोलीस कळला.”

२६ जानेवारी २०२५, रविवार

झेंडावंदन, मग ग्रामसभा. ठराव मंजूर. विरोध दोघांचा, तोही गायरानात सौर पॅनेल बसवायची त्यांची इच्छा आहे म्हणून. सातबाऱ्यावर जे ‘पोटखराब’, त्यावर प्रत्येकाच्या मनात काही ना काही उभं असतं. सरकारनंही १९८५ साली पडीक जमीन विकास मंडळ काढलं तेव्हा असले कितीतरी माळ ‘पडीक’ या एका शब्दात बसवले गेले. बिनझाडाची जमीन म्हणजे बिघडलेली जमीन, हे आमच्या डोक्यातही तिथूनच आलं असणार.

संध्याकाळी गटाची बैठक, आणि भांडण. विषय बापूंचं मानधन. मी म्हटलं, ते दर रविवारी येतात, मुलांना शिकवतात, त्यांना रोजाचे तीनशे द्यावेत. एक जण म्हणाला, मग सेवा कसली? आपण घेतो का? मी जरा आवाज चढवला. आपलं दुकान सोमवारी उघडतं, शिक्षकांचा पगार महिन्याला येतो. बापूंचा रविवार गेला की रविवारची भाकरी गेली. दुसरं, आपण जे पुस्तकात वाचून येतो ते हा माणूस पायानं शिकलाय, त्याचा मोबदला द्यायला लाज का वाटावी? तिसरं मी बोलले नाही, वहीत लिहिते. बापूंना पैसे द्यायला जो सगळ्यात जास्त अडून बसला, त्यानंच गेल्या वर्षी पंप चोरीला गेला तेव्हा पहिलं नाव ओढ्यापलीकडच्या घरांचं घेतलं होतं. पंप पुढे त्याच्याच पुतण्याकडे सापडला.

सहा विरुद्ध तीन. मानधन मंजूर.

९ फेब्रुवारी २०२५, रविवार

जाळरेषा काढली. रस्त्याच्या बाजूनं गवत कापून, काडीकचरा ओढून सहा फुटांचा पट्टा उघडा केला. काकांच्या मते दहा फूट हवा होता. सगळे दमले होते.

१६ मार्च २०२५, रविवार

काका बरोबर होते. होळीच्या रात्री रस्त्याकडेनं कुणीतरी बांध पेटवला, वारा आडवा आला आणि सहा फूट एका उडीत गेले. साधारण तीन एकर जळालं. कडुनिंबाच्या डहाळ्यांनी झोडपून विझवलं, रात्री एक वाजला. कॉलेजच्या एका पोराच्या हाताला फोड आलेत. यापुढे आगीजवळ मुलांना आणायचं नाही, हा नियम पहिल्या पानावर लाल शाईनं लिहिला.

आज बघायला गेलो. मला रडू येईल असं वाटत होतं. बापू राखेतून चालत गेले आणि बसून दाखवलं, चितराची पावलं. दोन जोड्यांची. जळालेल्या जागी पडलेलं बी उघडं होतं, मेलेले किडे मिळतात, म्हणून पाखरं आधी तिथंच येतात. “आग वंगाळ न्हाय. येळ वंगाळ असती. आणि एक म्हैन्यानं लागली आस्ती तर अंडी भाजली आस्ती.” बावीस एकर एकदम जळणं वेगळं आणि तीन एकर जळणं वेगळं, हेही त्यातच आलं. तरी दरवर्षी मुद्दाम जाळायचं का, यावर डॉक्टर आणि बापूंचं एकमत नाही. आम्ही तूर्त जाळणार नाही.

६ एप्रिल २०२५, रविवार

रामनवमी. अर्धा गट देवळात, म्हणून आम्ही चौघं आणि सात मुलंच. पण आजचा दिवस वर्षातला सगळ्यात चांगला.

आधी वाईट सांगते. २०२१ साली आम्ही पाखरांसाठी सिमेंटची टाकी बांधली, दीड फूट खोल, उभ्या भिंतींची. वर देणगीदाराचं नाव. गेल्या आठवड्यात तिच्यात चितराचं पिल्लू नाही, पण टिटवीचं एक पिल्लू तरंगताना मिळालं. पाय टेकायला जागा नाही, आत पडलेलं वर येऊच शकत नाही. चार वर्षांत अशी किती गेली असतील आणि कुत्र्यांनी नेली असतील, कोण जाणे. गुरुवारी आण्णांनी गवंडी आणून एक भिंत फोडली आणि तिथून बैलगाडीच्या उतारासारखा लांब, खरखरीत उतार केला. भोवतालचं झुडूपही काढलं. पखुर्डी आडोशाजवळच्या पाण्यावर उतरत नाही, चारी बाजूंनी उघडं हवं.

आज सकाळी साठ-सत्तर पावलांवर ताडपत्रीमागे बसलो. उजाडून दीड-दोन तास काहीच नाही. एका मुलाला झोप लागली. साडेआठच्या पुढे आभाळातून ‘कुट-रो, कुट-रो’ असा आवाज आला आणि अकरा पखुर्ड्या एका दमात आल्या. पाण्यावर नाही, आधी लांब खडीवर उतरल्या. तिथं त्या दिसेनाशा होतात, अक्षरशः, दगड की पाखरू कळत नाही. मग चालत पाण्याशी. प्यायल्या आणि उडाल्या, सगळं मिनिटभराचं.

एक नर मात्र मागे राहिला. उतारावरून पोटापर्यंत पाण्यात गेला, पिसं फुलवली आणि डुलत बसला. मुलं कुजबुजली, अंघोळ करतोय. बापू म्हणाले, “पाणी भरतोय. पोरांस्नी.” डॉक्टरांनी भुवई उंचावली. घरी जाऊन त्यांनी शोधलं आणि रात्री साडेनऊला मला फोन: खरं आहे. नराच्या पोटाची पिसं स्पंजासारखी पाणी धरतात, तो तसाच उडत पिल्लांपाशी जातो आणि पिल्लं त्याच्या पोटाला चोच लावून पाणी ओढतात. पिल्लं अंड्यातून निघाल्यावर लगेच दाणे टिपतात, पण पाण्यापर्यंत उडू शकत नाहीत ना.

गलोलवाल्यानं आज स्वतःहून वही मागितली. लिहिलंय: ‘बाप पाखरू पाणी नेतो. ८.४१.’

२० एप्रिल २०२५, रविवार

घरटं. बोरीच्या बुडाशी, गवताच्या झुबक्यात नुसता खळगा, सहा अंडी, फिकट बदामी. सापडलं ते ठेच लागता लागता, मादी पायाजवळून फडफडत उठली आणि माझं काळीज तोंडात आलं. लगेच मागे फिरलो. जागा वहीत लिहीत नाही. मुलांनाही फक्त लांबून बोर दाखवली. कुणी रोज उठून बघायला जाईल तर वास आणि पायवाट दोन्ही तयार होतील, आणि मुंगूस आमच्या मागोमाग जाईल.

गिरिपुष्पाच्या नमुन्याच्या एकराला मात्र आज शिव्या घातल्या. डिसेंबरात कापलेल्या बावन्न बुंध्यांना पाऊस नसतानाही फुटवे आलेत. एका जागी एक खोड होतं, तिथं आता पाच. आम्ही झाडं काढली नव्हती, त्यांची हजामत केली होती.

११ मे २०२५, रविवार

चितराची अंडी अठरा-एकोणीस दिवस उबवली जातात, म्हणजे आता धोका नाही, या हिशेबानं डॉक्टर आणि मी दोघंच गेलो. खळग्यात पाच कवचं, टोप्या उघडाव्यात तशी सरळ कापलेली. ती पिल्लांनी आतून फोडलेली. सहावं अंडं नाही, कुणी नेलं ठाऊक नाही. पिल्लं दिसली नाहीत, दिसायलाही नकोत. ती जन्मतःच आईमागे पळतात.

२६ मे २०२५, सोमवार

काल जे कोसळलं ते मे महिन्यात मी पाहिलेलं नाही. बारामती, दौंड, इंदापूर सगळीकडे एकच. खाली नीरा डावा कालवा फुटला. आमच्या जिरायती गावात, जिथं मे म्हणजे टँकर, तिथं ओढ्याला पूर. दुकानात पाणी शिरलं, वह्यांचे दोन गठ्ठे गेले. ही वही वरच्या फळीवर होती.

बापूंच्या वस्तीवर गुडघाभर पाणी. रात्री त्यांना शाळेत आणलं. चावी कुणाकडे यावर अर्धा तास गेला, शेवटी मुख्याध्यापकांना झोपेतून उठवलं.

आज सकाळी बापू स्वतः भिजलेले, आणि मला विचारतात, “ती पिल्लं?” पंधरा-वीस दिवसांची असतील. जरा उडता येतं त्या वयात, पण अंगावरची पिसं भिजली की गारठून जातात.

१५ जून २०२५, रविवार

उद्या शाळा उघडतात, म्हणून आज सगळी मुलं ओढून आणली. आता सतरा झालीत. जमीन ओली, लवकरच तयार झालेली. गोण्यांतलं बी बाहेर काढलं. उंदरांनी एक गोणी खाल्ली, तीन शिल्लक. माती आणि शेणात कालवून हातानं फेकलं. मारवेलची ठोंबं उत्तरेच्या कोपऱ्यातून कुदळीनं काढून रांगेत लावली. ठोंबाचं बरं असतं, लावलं की आठवड्यात कळतं धरलं की नाही.

जळालेले तीन एकर बाकीच्या गायरानापेक्षा हिरवे आहेत. बापू काही बोलले नाहीत, नुसते माझ्याकडे बघून गेले.

आजपासून गिरिपुष्प मुळासकट. ओल्या जमिनीत टिकाव आणि पहार चालते, उन्हाळ्यात दगड लागला असता. एका झाडाला दोन माणसं, वीस-पंचवीस मिनिटं. दिवसात एकोणतीस निघाली.

२७ जुलै २०२५, रविवार

मुलांचा प्रयोग. जुन्या ओढणीचं आणि वेताच्या कडीचं जाळं केलं. गवतात वीस फटके आणि गिरिपुष्पाखाली वीस फटके, मग जाळ्यात काय आलं ते मोजून सोडून द्यायचं. गवतात एकतीस नाकतोडे, शिवाय कोळी, ढेकण्या, नाव न कळलेले बरेच. गिरिपुष्पाखाली चार. एका दिवसाचा, एका जागेचा आकडा, तेवढ्यानं काही सिद्ध होत नाही हे मी त्यांना तीनदा बजावलं. पण चितराचं पिल्लू पहिले काही आठवडे बहुतेक किड्यांवर वाढतं, हे त्या भिंतीवाल्या मुलीला आता पाठ झालंय. ती म्हणाली, “ताई, झाड हिरवं आहे, पण हॉटेल बंद आहे.” माझ्या नत्राच्या व्याख्यानापेक्षा हे बरं.

लाव्यांचे नर बोलतायत. पावसाळी लावा, छातीवर काळा. गवतातून ‘व्हिट-व्हिट’ अशी जोडीनं शीळ, सकाळभर. दिसला एकही नाही. गेल्या पावसाळ्यात आम्ही इथं कान देऊन बसलोच नव्हतो, तेव्हा हे नवीन आलेत की आम्हालाच आत्ता ऐकू आले, सांगता येत नाही.

गाव जैवविविधता समितीच्या लोकनोंदवहीत पक्ष्यांचं पान कोरं होतं. मुलांच्या नोंदी तिथं उतरवायला समितीच्या सचिवांनी होकार दिला. फक्त घरट्यांच्या जागा द्यायच्या नाहीत, ही अट आमची.

२४ ऑगस्ट २०२५, रविवार

पोळा परवा झाला, बैलांच्या शिंगांचा रंग अजून ओला. आज पाऊस नव्हता. गिरिपुष्प: एकूण दोनशे सहा मुळासकट निघाली, नमुन्याच्या एकरातले बावन्न फुटवेवाले बुंधे धरून. अजून दोनशेच्या वर उभी आहेत. एका टिकावाचा दांडा मोडला.

ठोंबं दहातली सहा-सात धरली आहेत. फेकलेल्या बियांचं काही खरं नाही, जे उगवलंय त्यात तरोटाच जास्त. तो फुलायच्या आत उपटायला हवा, म्हणजे पुढचे दोन रविवार, आणि मध्ये गणपती. गणपतीत कोण येणार?

सकाळी काम सुरू करायच्या आधी गलोलवाला आणि बापू दक्षिणेच्या उताराला उकिडवे बसले होते. उताराचा तो भाग जूनमध्येच मोकळा केलाय. बापूंनी तोंडानं चितराची हाक दिली. तरुणपणी पिंजऱ्यातलं चितूर ठेवून रानातलं बोलवायचे, ते नसलं की हीच हाक. मग पोराला म्हणाले, तू दे. त्याची पहिली हाक कोंबड्यासारखी निघाली, मुलं लोळून हसली. दुसरीही तशीच. चौथ्या का पाचव्या हाकेला खालच्या हेकळीतून उत्तर आलं.

जानेवारीत तिथून हाक नव्हती. म्हणून वहीत ‘दक्षिण उतार: १’ असं लिहिलं. मग आठवलं, ही मोजणीची वेळ नव्हती आणि बोलवून आलेली हाक धरायची नाही असा नियम मीच केलाय. आकडा खोडला, समासात टीप म्हणून ठेवला.

पुढच्या रविवारी: टिकावाचा दांडा (आण्णा), हातमोजे सतरा जोड, बापूंचे जुलैचे दोन रोज द्यायचे राहिलेत ते आधी.